शाही, भव्य, फिजूल

९ फेब्रुवारी

दिवसभर हिंदी लिहितो, हिंदी तपासतो, हिंदीतच लोकांवर ओरडतो. घरी आल्यावर मराठी बोलायला बायको होती, वल्लरी. ती डिसेंबरात गेली. आता घरात एवढी मराठी साठून राहिली आहे की तिचं करायचं काय ते कळत नाही, म्हणून आजपासून हे लिहिणं.

बालाघाटात आमची ही तिसरी पिढी. आजोबा जंगल खात्यात, वडील ट्रेझरीत, आणि मी इथल्या एका हिंदी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचा प्रमुख. नाव गुणाकर, पण ते आता बँकेत आणि मालकांच्याच तोंडी. बाकी सगळ्यांना मी 'सर'.

आजपासून आमच्या पेपरात मोहीम सुरू झाली, 'फिजूलखर्ची बंद करो'. कल्पना माझीच, पण मालक विवेकजींनी ती स्वतःच्या फोटोखाली छापली. चालायचंच. लग्नातला डीजे, बारशाचे मंडप, मृत्युभोज, सगळ्यांवर रोज एक बातमी. पहिली बातमी लांजीहून आमच्या वार्ताहराने, कुशलने पाठवली. लांजीच्या अलीकडचं एक गाव. (बातमीत नाव छापलं, इथे नको.) प्रेमलाल नावाचा गरीब माणूस वारला. त्याच्या बायकोने तेरवीला बाजा लावून साऱ्या समाजाला जेवू घातलं. अंगण भरून पंगती, लोक गल्लीपर्यंत बसलेले. कुशलने लिहिलं होतं 'बड़ा भोज'. मी ते खोडलं आणि मथळा दिला, 'मातम में दावत: तेरहवीं पर फिजूलखर्ची'. फोटोतली पहिली पंगत कापून टाकली, कारण बाईचा चेहरा आणि मागची भाताची मोठाली गंजं एका चौकटीत हवी होती.

कुशलचा फोन आला. "सर, मागच्या हप्त्यात बैहरवाल्या ठेकेदाराच्या बापाच्या तेरवीले तं आपण 'विशाल श्रद्धांजलि भोज' लिहिलं होतं."

मी म्हटलं, "बेटा, खर्च किती झाला ते बघायचं नसतं, कोणाचा झाला ते बघायचं असतं."

तो हसला. पोरगा चांगला आहे, पण त्याला अजून शब्दांची उतरंड कळत नाही. जाहिरात देणाऱ्याचं लग्न 'शाही'. आमदाराचं 'भव्य'. देवाचं असेल तर 'विशाल'. कलेक्टर साहेब हजर असतील तर 'गरिमामय'. सत्ता गेलेल्या पुढाऱ्याने तोच मंडप घातला की 'तामझाम'. आणि जो आपल्या ऑफिसात फोन करू शकत नाही, त्याची 'फिजूलखर्ची'. हे कोणी शिकवत नाही, हाताला सवय लागते. माझा हात तीस वर्षांचा आहे.


११ फेब्रुवारी

बातमी जोरात गेली. त्या समाजाच्या जिल्हा संघटनेच्या अध्यक्षांचा सकाळीच फोन. मृत्युभोज बंदीचा ठराव त्यांनी मागच्याच अधिवेशनात केला होता, आम्हीच तो छापला होता. म्हणाले, "आमच्या नाकाखाली हे चाललं होतं, सर. त्या गावच्या पंचांना चांगला जाब विचारतो." मी अभिनंदन केलं. एका बातमीने ठराव हलतो, अजून काय पाहिजे?

आणि मी नुसता दुसऱ्याला सांगणारा माणूस नाही. वल्लरीची तेरवी मी अकरा माणसांत केली. ना मंडप, ना पंगत. विवेकजींनी स्वतःहून बातमी लावली होती, 'सादगी की मिसाल'. ते कात्रण मी फ्रिजवर लावलं होतं. नागपूरहून आलेल्या आमच्या मुलीने, देवश्रीने, जाताना ते काढून कट्ट्यावर पालथं ठेवलं.

दुपारी जेवायला घरी आलो. वाढून घेत होतो तर आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आलं?" शेजारच्यांचा टीव्ही असणार. शेवटच्या दोन महिन्यांत वल्लरी पलंगावरून हेच विचारायची. फाटक वाजलं की "कोण आलं?", नाही वाजलं तरी "कोण आलं?" अर्ध्या बालाघाटाला तिने शिवण शिकवलं होतं, बायांची रीघ लागली असती. डॉक्टर म्हणाले आराम हवा, म्हणून मी फाटकाला पाटी लावली की कृपया भेटायला येऊ नये. तिच्याच भल्यासाठी लावली.


१६ फेब्रुवारी

ऑफिसच्या जिन्याखाली बाक आहे, जाहिरात घेऊन येणाऱ्यांसाठी. तिथे आज सकाळपासून एक बाई बसली होती. पन्नाशीपुढची, पांढरट लुगडं, पायाशी पिशवी. चपराशाने विचारलं तर म्हणाली, "बसते जराशी." मी चहाला खाली उतरलो तेव्हाही बसलेली, वर आलो तेव्हाही. माझ्याकडे बघत होती. लांजीच्या शेवटच्या बसच्या वेळेला उठून गेली.

चेहरा कुठे तरी पाहिला आहे असं वाटत राहिलं.


१७ फेब्रुवारी

पुन्हा आली. तीच जागा. मी मागच्या दाराने गेलो.

दुपारी घरी पुन्हा तो आवाज. शेजारी जाऊन विचारलं. त्यांचा टीव्ही महिनाभरापासून बंद पडला आहे म्हणे.


१८ फेब्रुवारी

आज तिला वर बोलावलं. रोज मागच्या दाराने जायचं हे माझ्या वयाला शोभत नाही. खुर्ची दिली तर ती काठावर बसली.

"तुमी लिवलं ना जी. मी शांताबाई. प्रेमलालची."

चेहरा कुठे पाहिला होता ते कळलं. माझ्याच पानावर, पहिल्या पानाच्या खालच्या बाजूला. मी तयारीत होतो. शिव्या देईल, रडेल, नुकसानभरपाई मागेल. हे सगळं मी तीस वर्षं हाताळत आलो आहे. पण बाई शांतपणे सांगायला लागली, आणि मला मधे बोलायला जागाच सापडेना.

तिच्या मुलाने, लोकेशने, परजातीची मुलगी केली. तेव्हापासून घर समाजातून बंद.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद जी. लग्नाले नाही, मरणाले नाही. मी नळावर गेली का बाया आपली घागर उचलून घे. कोनाचं पोरगं बोललं तं त्याची माय त्याले हात धरून घरात ने. हे गेले तवा खांद्याले चार माणसं नाही भेटली. लोकेशनं ट्रॅक्टरच्या ट्रालीत नेलं. रस्ता असा, डोकं हालत होतं त्याईचं. मी धरून बसली होती, का आपटू नये."

मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिने घेतला नाही.

"मंग मी महागूच्या घरी गेली. तो पंच हाय. म्हटलं, आमाले घ्या आता, हे तं गेले. तो म्हणे, तेरवीले साऱ्या समाजाले भात दे, बाजा लावून मानानं बलाव, गोड कर, म्हंजे घेतो तुमाले. तसंच केलं जी. सारे आले. महागू पयल्या पंगतीत बसला. दोनदा भात घेतला त्यानं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रुख्माबाई नळावर मले म्हणे, भाजी चांगली झाल्ती तुई. किती सालानं कोणी बोललं माह्यासंग."

"मग?"

"मंग तुमचं आलं ना पेपरात."

जिल्हा संघटनेची जीप गावात गेली. ठराव मोडला म्हणून पंचांना उभं करून विचारलं. महागू म्हणाला, आम्ही सांगितलंच नव्हतं, बाईने आपल्या मनाने केलं. आम्ही जेवलोच नाही. झालं. जेवलेच नाहीत तर घेतलं कशाचं? घर पुन्हा बंद.

मी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, शांताबाई?"

"मले काही नाही पायजे. लिवा का जेवले. नाव घेऊन लिवा का महागू जेवला. पेपरात आलं तं त्याले नाही म्हनता येनार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मले ट्रालीत नाही जाचं जी. मले मान्साईच्या खांद्यावर जाचं हाय."

मी म्हटलं, बघतो. बाई हात जोडून गेली. बघतो हा शब्द मी दिवसातून कितीदा वापरतो.


२० फेब्रुवारी

देवश्रीला फोन केला. तिला हे सगळं सांगितलं, एक किस्सा म्हणून.

ती म्हणाली, "बाबा, आईने मला नावं लिहून घ्यायला लावली होती. मी गेले की या सगळ्यांना जेवायला बोलव म्हणाली होती. शिवणाच्या बायका, भाजीवाली, तिची तिरोडीची मैत्रीण. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण मी फिजूलखर्चीच्या विरोधात आहे, हे तुला माहीत आहे."

"तुम्ही कशाच्याही विरोधात नव्हता, बाबा. तुम्हाला घरात कोणी नको होतं. कोणी तुमच्यासमोर रडायला नको होतं."

फोन ठेवला तिने. मी साधेपणाने केलं ते चुकलं का? एवढी शिकलेली मुलगी, आणि तिला तत्त्व आणि कंजूषपणा यातला फरक कळत नाही. आजकालच्या मुलांना बापाच्या बाजूने विचार करायची सवयच नाही.

दुपारी "कोण आलं?" ऐकू आलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "कोणी नाही, झोप तू." आणि मग स्वतःच्याच आवाजाने दचकलो. रिकाम्या घरात मी कोणाला झोपवत होतो?


२२ फेब्रुवारी

काल विवेकजींच्या पुतणीचं लग्न. आज चार पानी रंगीत पुरवणी, सगळी माझ्या हातची. 'शाही विवाह, यादगार शाम'. नागपूरहून फुलं आणली होती, मंडपात कारंजं होतं, नवरदेव उघड्या गाडीतून धुराच्या ढगातून आला. जेवणाचे प्रकार मोजायला मी दोन पोरं लावली होती, त्यांचं मोजमाप जुळेना. मी लिहिलं, 'व्यंजनों की ऐसी महक कि मेहमान देर तक ठहरे'.

मेहमान ठहरले नव्हते. हात धुवायला मंडपाच्या मागे गेलो तेव्हा भरलेल्या ताटांचा ढीग पाहिला. एकेक घास खाऊन टाकलेली पनीरची, जिलेबीची, पुलावाची ताटं. दोन बाया ते सगळं एका ड्रमात लोटत होत्या. याला एकच शब्द आहे, आणि तो माझ्या हातात तयार आहे, गेले दोन आठवडे रोज वापरतोय. लिहायला बसलो तर हात आपोआप 'शाही'कडे गेला. मी थांबवलाही नाही.

मग वाटलं, प्रेमलालच्या तेरवीत कोणाच्या पानावर भात उरला असेल का? फोटो पुन्हा काढून पाहिला. न कापलेला, पुरा. पहिल्या पंगतीत एक मिशीवाला माणूस, तोंडाशी घास. तो कुशलला पाठवून कोण ते विचारलं. हाच महागू. पानं सगळी पुसून खाल्लेली. तो फोटो बंद करून टाकला.

विवेकजी खुशीत होते म्हणून विषय काढला, की त्या लांजीच्या बातमीत जरा दुरुस्ती द्यावी लागेल. म्हणाले, "मुहिम अपनी, और कैंची भी अपने ही हाथ से? छोड़ो गुणाकर." मी सोडलं. नाही तरी दुरुस्ती कोण वाचतं?


२६ फेब्रुवारी

शांताबाई आली. आज बाकावर न बसता सरळ वर आली, आणि आज खुर्चीत नीट बसली. चेहरा उजळ.

"आता काही लिवू नका जी."

"का बरं?"

"महागूनं निरोप धाडला. पेपरात आलेलं जेवन धरत नाही म्हणे. होळी झाली का पुन्हा घाल. बाजा नको, फोटो नको, गुपचूप. जेवून घेतो अन् तुमाले घेतो. घरचा धान हाय, लोकेश बी हौ म्हनला. म्हून सांगाले आली. तुमी बघतो म्हनले होते ना, तं आता नका बघू."

मी तिला म्हणालो, हा जुलूम आहे. एकदा जेवून नाही म्हणतात आणि पुन्हा जेवायला मागतात? ती हसली. "जेवतीन तं जेवतीन. भातच हाय."

ती गेल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो. ही भाषा भीतीची आहे हे मला लगेच कळलं. बाईवर दबाव आहे. तिच्या तोंडून तेच लोक बोलत आहेत. अशा वेळी पत्रकाराने गप्प बसायचं तर मग पत्रकार व्हायचं कशाला? माझ्याकडे पुरावा आहे, फोटो आहे. सीमेपलीकडे गोंदियात बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, आपल्या राज्यात अजून नाही, ते पण लिहिता येईल. मला खूप दिवसांनी तरुण असल्यासारखं वाटलं.

विवेकजींना सांगितलं. ते म्हणाले, "ये पंच-वंच विज्ञापन देते हैं क्या?" मी म्हटलं नाही. "तो छापो."


१ मार्च

पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, पाच कॉलम. 'पहले पंगत में बैठे, फिर मुकर गए'. महागू तोंडाशी घास घेऊन, त्याच्याभोवती लाल गोल. शांताबाईसाठी मी 'पीड़िता' वापरलं आणि तिचा फोटो धूसर केला. पण नाव गावासकट आधीच छापलेलं होतं, त्याला आता इलाज नव्हता.

भोपाळच्या संपादकांचा फोन आला. एका वाहिनीचा माणूस नंबर मागत होता. एवढं कौतुक मागच्या दहा वर्षांत झालं नव्हतं. देवश्रीला कात्रण पाठवलं. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

बाकावर शांताबाई नव्हती. तिचं समाधान झालं असावं. तिला हवं तेच छापलं आहे, नाव घेऊन, फोटोसकट.

एक नवीनच गोष्ट. दोन दिवस झाले, दुपारचा तो आवाज बंद आहे. आवाज येत होता तेव्हा वाटायचं बंद व्हावा. आता जेवताना घास हातात धरून थांबतो आणि ऐकत राहतो. काल तर फाटकापर्यंत जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर कोणी ओळखीचं नव्हतं. वल्लरी घरात असताना घर एवढं गप्प कधीच नव्हतं. मला भीती वाटते, हे लिहायला लाज वाटते, पण वाटते.


५ मार्च

कुशलचा फोन. आवाज पडलेला.

बातमी आल्यावर पंचांना ठाण्यात बोलावलं. दिवसभर बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं आणि समज देऊन सोडलं. महागू गावात परतला तेव्हा त्याच्याकडे कोणी बघेना, आणि त्याने सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं की त्या घरचं नाव माझ्यासमोर काढू नका.

"लोकेश घरोघरी बलावनं द्याले गेलता सर. दारं नाही उघडली कोणी. आवाज येत होता आतून, पण उघडलं नाही."

"म्हणजे जेवण रद्द?"

"नाही सर. माय म्हणते, दिवस धरला तं धरला. रविवारी शिजवतो म्हणते. अन् तुमाले बी बलावलं."

मला बरं वाटलं. ही बाई हिंमतीची आहे. लोक आज चिडले आहेत, रविवारपर्यंत निवळतील. चार माणसं आली की बाकीचे येतात, गावं अशीच असतात. पेपरच्या प्रमुखासमोर कोण पाठ फिरवणार? मी जातो म्हटलं. आणि या जेवणाला कोणी फिजूलखर्ची म्हणू नये, म्हणून शब्द आधीच ठरवून ठेवला, 'समरसता भोज'. मथळ्यात छान बसतो.


९ मार्च, सकाळ

काल लिहवलं नाही.

लांजीच्या अलीकडे बस सोडली. कुशल मोटरसायकल घेऊन उभा होता. गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "मी इथंच थांबतो सर. मले इथंच राहाचं हाय." मी चालत गेलो.

अंगण शेणाने सारवलेलं. पत्रावळी मांडलेल्या, चार ओळी, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक लहान दगड. चुलीवरून उतरवलेलं भाताचं गंज, वरण, वांग्याची भाजी, परातीत बुंदी. लोकेश आणि त्याची बायको कढत्या भांड्यांशी उभे. शांताबाई दारात. मला पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "या जी."

गल्लीतली दारं बंद होती. दुपारची वेळ, पण एकही पोर बाहेर नाही, एकाही ओट्यावर म्हातारा नाही. समोरच्या घराचं दार जरासं उघडलं. एक बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. लोकेश हळूच म्हणाला, "रुख्माबाई." त्या बाईने पंगतीकडे पाहिलं, मग मला पाहिलं. आतून कोणी तरी हाक मारली आणि दार लागलं.

आम्ही थांबलो. मी दहा वेळा घड्याळ पाहिलं. भातावर झाकलेल्या फडक्यातून वाफ निघायची थांबली. विवेकजींचा फोन आला, "कितने लोग आए? हेडिंग भेजो, पेज रुका है." मी म्हटलं, थांबा. पुन्हा फोन आला. मी म्हटलं, बातमी नाहीये. ते काहीतरी बोलत होते, पण मी फोन बंद करून खिशात टाकला.

"बसा जी, भात थंडा होते," शांताबाई म्हणाली.

"लोक येऊ द्या."

"लोक नाही येत आता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर माझ्याकडे उत्तर होतं. मी चपला काढल्या, पहिल्या ओळीत पहिल्या पानावर बसलो. दगड उचलून बाजूला ठेवला. चार ओळींत मी एकटा.

तिने वाढायला घेतलं. माझ्या पानावर मीठ, भाजी, भात, वरण, बुंदी. मग शेजारच्या रिकाम्या पानावरचा दगड उचलला आणि त्यावरही मीठ, भाजी, भात. मग त्याच्या पुढच्या. लोकेश कढईशी उभा राहून म्हणाला, "माय, कोनाले वाढून राह्यली तू?"

"पंगत बसली का एकाच पानावर वाढत नसते," ती म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने मात्र वरणाचा डोंगा घेतला आणि सासूच्या मागे मागे निघाली. दोघी वाकून वाढत गेल्या, पानामागून पान, कोणी बसलेलं असतं तर जसं वाढलं असतं तसं. तिसऱ्या की चौथ्या पानाशी शांताबाई जरा थांबली, भात थोडा जास्त टाकला आणि पुढे झाली. ते पान कोणाचं होतं ते मी विचारलं नाही.

घास तोंडात घेतला. भाजी खरंच चांगली होती. वल्लरीच्या तेरवीला मी काय जेवलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवलं फक्त फाटक. बाहेर उभ्या असलेल्या बाया, त्यांच्या हातातले डबे, आणि आतून कडी लावणारा माझा हात. मला रडू आलं. मान खाली घालून मी जेवत राहिलो, कारण उठलो असतो तर त्या पंगतीत एकही माणूस बसलेला राहिला नसता.

शांताबाई माझ्याकडे परत आली. "भात घ्या अजून."

"शांताबाई, चुकलं माझं. दोन्ही वेळा चुकलं."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. भाताचा डाव तसाच हातात धरून ती माझ्या समोर वाकली होती, आणि माझ्या पानाकडे नाही, माझ्या खांद्याकडे पाहत होती.

"माह्या वेळेले याल काय जी?"

कशाच्या वेळेला, ते मी विचारलं नाही. साठीचा माणूस, दम्याचा. बालाघाटहून लांजी. बस मिळाली नाही तर?

"हौ," मी म्हणालो.

तिने माझ्या पानावर भात टाकला.

"एक झाला," शांताबाई म्हणाली, आणि पुढच्या ओळीकडे वाढायला गेली.